मस्कोव्हीची पिल्लं : नर कोणता, मादी कोणती?

बदकांत नर ओळखायच्या दोन खुणा बहुतेक पाळणाऱ्यांना पाठ असतात. शेपटीवर वर वळलेलं पीस दिसलं की नर, आणि मोठ्यानं क्वॅक-क्वॅक करते ती मादी. मस्कोव्हीच्या कळपात मात्र या दोन्ही खुणा कुचकामी ठरतात, कारण हे बदक मुळात वेगळ्या वंशाचं. इतर पाळीव बदकं मॅलार्ड या रानबदकापासून आलेली, तर मस्कोव्ही मध्य आणि दक्षिण अमेरिकेतलं. नावावरून वाटलं तरी मॉस्कोशी त्याचं काही नातं नाही. त्याची अंडीसुद्धा २८ ऐवजी साधारण ३५ दिवसांनी फुटतात. इथे नराच्या शेपटीला आकडा येत नाही आणि मादीही तसा कलकलाट करत नाही.

मग ओळखायचं कसं? माझं म्हणणं एवढंच, की सुटं पिल्लू पाहून निकाल देऊ नये. एका उबवणीची भावंडं शेजारी ठेवून पाहावीत. वाढलेला नर मादीच्या जवळजवळ दुप्पट वजनाचा होतो आणि हा फरक काही एका रात्रीत पडत नाही. सहा ते आठ आठवड्यांत तो दिसू लागतो, आणि वजनाआधी पायांत दिसतो. दोन पिल्लं उचलून त्यांच्या नळ्या चिमटीत धरा: नराची जाडजूड, पंजा पसरट, डोकंही रुंद, मादीचं सगळंच नाजूक. यावर कोणी म्हणेल, दाणा कमी पडलेला नर मादीसारखाच दिसणार! खरं आहे. म्हणून तर वय आणि खाणं सारखं असलेल्या पिल्लांचीच तुलना करायची, आणि तिला आवाजाची जोड द्यायची. पिल्लपणाची चिवचिव ओसरली की नर नुसता फुसफुसतो, मादी मात्र बारीक, थरथरत्या सुरात बोलते. आवाजातल्या या फरकाचं कारण असं, की नराच्या श्वासनळीच्या तळाशी हाडाचा एक फुगीर कप्पा असतो, मादीला तो नसतो. तोंडावरच्या लाल गाठींवर पुष्कळांची भिस्त असते. पण लाली मादीलाही येते, फक्त कमी, आणि ती केव्हा दिसेल याचा नेम नसतो.

‘पहिल्याच दिवशी गुदद्वार तपासून कळतं की,’ असाही आक्षेप येईल. कळतं, पण सरावलेल्या हाताला. नवख्याच्या हातून कोवळं पिल्लू दुखावतं. रंगावरूनही एका बाबतीत कळतं. चॉकलेटी नर आणि शुद्ध काळी मादी यांच्या जोडीला झालेली चॉकलेटी पिल्लं माद्या असतात, काळी पिल्लं नर. मात्र आईबाप नक्की ठाऊक हवेत, आणि बाजारातून आणलेल्या पिल्लांच्या बाबतीत ते कोणाला ठाऊक असतं?

एवढी घाई कशाला, असं विचाराल तर कारण व्यवहाराचं आहे. चार-पाच माद्यांना एक नर पुरतो; जास्तीचे नर दाणा खातात आणि आपसांत भांडतात. मांसासाठी पाळायचे तर माद्यांची वाढ लवकर थांबते, नर पुढे आणखी काही आठवडे वजन धरतात. म्हणून आठव्या आठवड्यात अंदाजानं दोन रंगांच्या कड्या पायांत घाला आणि बाराव्या आठवड्यात आवाज ऐकून त्या पक्क्या करा. कडी मात्र सैल ठेवा. नराचा पाय अजून जाड व्हायचा असतो.