अवसेचं भ्या आणि उंबऱ्यावरची पणती



भाद्रपदात आपण पितरांना जेवू घालतो, कावळ्याला घास ठेवतो. आश्विन सरता सरता धनत्रयोदशीला कणकेचा दिवा करून, वात दक्षिणेला वळवून यमासाठी लावतो. गेलेल्यांची आठवण आणि मरणाचं भ्या, दोन्ही आपल्या दिवाळीत आहेत.

नरक चतुर्दशीला पहाटे उटणं लावून न्हायचं, पायाच्या अंगठ्यानं कडू कारीट फोडायचं. कारीट म्हणजे नरकासुर. त्याच्या कैदेतल्या 16 हजार बायकांना कृष्णानं सोडवलं, मानानं घरात घेतलं, अशी या दिवसाची कथा.

मग अवस येते. तिठ्यावर लिंबू, उतारा दिसला की कुजबुज होते. म्हैस आटली, लेकरू झोपंना, कुणी केलं? बोट बहुधा एकट्या, विधवा बाईकडं वळतं. भानामतीच्या नावानं आपल्या मराठवाड्यात बायांनी लई सोसलंय.

2013च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं आता हा गुन्हा आहे. अमुक बाई करणी करते, भूत लावते, जनावराचं दूध आटवते असं म्हणून तिला छळलं, तर 6 महिने ते 7 वर्षं कैद होऊ शकते.

म्हैस आटली तर जनावरांच्या डॉक्टरांना बोलवू. लेकरू आजारी पडलं तर आरोग्य केंद्रात नेऊ. कुणा बाईवर आळ आला, तर तिच्यासोबत पोलीस ठाण्यात जाऊ. आणि यंदा लातूर असो की नांदेड, आपल्या गल्लीतल्या त्या एकटीच्या उंबऱ्यावर एक पणती लावून येऊ, फराळाचं ताटही नेऊ.