अपरिचित शब्द आणि अवांतर वाचन



ब्राह्मणपुरी हे शहादे तालुक्यातील गाव. तापी आणि सातपुडा यांच्या मधल्या या पट्ट्यातील कोणत्याही शाळेच्या अंगणात मधल्या सुट्टीत क्षणभर उभे राहावे, म्हणजे गुजरी, अहिराणी, भिली, पावरी अशा बोलींचा एकच कल्लोळ कानी पडतो. घंटा होते, मुले वर्गात शिरतात, पुस्तक उघडते आणि त्या पुस्तकातून निराळीच मराठी बोलू लागते. ती मुलांना परकी नसते; पण ती त्यांच्या घरचीही नसते. वर्गाचा उंबरठा ओलांडताना मुलाला रोज भाषाही ओलांडावी लागते, ही गोष्ट शिक्षकाच्या सहसा ध्यानी येत नाही. कारण शिक्षकाने स्वतः तो उंबरठा फार पूर्वी ओलांडलेला असतो.

शब्द अपरिचित असतो, म्हणजे नेमके काय असते? कित्येकदा वस्तू पूर्ण परिचयाची असते, केवळ नाव नवे असते. अहिराणी घरातले मूल 'बठ्ठा' म्हणते, पुस्तक 'सर्व' म्हणते. मूल 'आंडोर' म्हणते, पुस्तक 'मुलगा' म्हणते. येथे काही शिकवावयाचे नसते, केवळ दोन नावांची गाठ घालून द्यावयाची असते. याच्या उलट 'गलबत', 'ओहोटी', 'खाडी' या शब्दांपुढे मूल अडते, ते वस्तूच पाहिलेली नसल्यामुळे. परंतु सर्वांत फसवा शब्द तो, जो ओळखीचा वाटतो आणि नसतो. 'समुद्राला भरती आली' हे वाक्य वाचताना या भागातील मुलाच्या मनात प्रथम पोलीस-भरती उभी राहिली, तर तो त्याचा दोष नव्हे. घरात व चावडीवर त्याने तीच भरती ऐकलेली असते. अहिराणीत 'देखणे' म्हणजे पाहणे, म्हणून 'देखणा राजपुत्र' हा त्याला पाहणारा राजपुत्र वाटू शकतो. असे मूल अडत नाही, थांबत नाही, प्रश्नही विचारीत नाही. ते चुकीचा अर्थ घेऊन पुढे जाते आणि चार ओळींनंतर गोष्टच त्याच्या हातून सुटते. मग ते पुस्तक मिटते, व आपल्याला वाचता येत नाही अशी स्वतःची समजूत करून घेते.

या अडचणीवर शाळांतून रूढ असलेला उपाय म्हणजे धड्याखालचे शब्दार्थ. फळ्यावर दहा शब्द, त्यांपुढे दहा अर्थ. मुलांनी ते वहीत उतरवून पाठ करावयाचे. 'तृण म्हणजे गवत' हे पाठ झाले, की मूल परीक्षेत निःशंकपणे लिहिते, 'माझ्या बापाने बैलाला तृण टाकले.' 'नृप म्हणजे राजा' हे पाठ झाले, की पत्त्यांच्या डावात चार नृप निघतात. गुरुजी हसतात, वर्ग हसतो आणि ते मूल पुढच्या वेळी ठाऊक असलेला शब्ददेखील वापरण्यास धजत नाही. वस्तुतः चूक मुलाची नसते. शब्दाचा अर्थ त्याला दिला गेला, त्याची संगत दिली गेली नाही. तृण कोणत्या वाक्यात शोभते आणि गोठ्यात का शोभत नाही, हे कोणत्याही यादीत लिहिलेले नसते. ते वाचता वाचता अंगवळणी पडते.

साने गुरुजींच्या 'श्यामची आई' या पुस्तकात अळणी भाजीची गोष्ट आहे. आई भाजीत मीठ घालावयास विसरली. वडिलांनी आणि मुलांनी तिला वाईट वाटू नये म्हणून ती तशीच, काही न बोलता खाल्ली. आई जेवावयास बसली, तेव्हा तिला उमगले. 'अळणी' हा शब्द ज्या मुलाने कधी ऐकला नाही, त्यालाही गोष्ट संपेतो तो कळून चुकतो. कळतो एवढेच नव्हे, तर त्याला एक चवही चिकटते. उद्या दवाखान्यातून आलेल्या आजीला अळणी जेवण सांगितले, असे कानावर आले, की तो शब्द दुसऱ्यांदा भेटतो व पक्का होतो. एखादे मूल प्रथम अळणी म्हणजे 'कडू' असाही तर्क करील. करू द्यावा. चुकलेला तर्क दुसऱ्या भेटीत दुरुस्त होतो; तर्कच न केलेला शब्द मात्र दहा वेळा भेटूनही परका राहतो.

तथापि वाचन म्हणजे जादू नव्हे, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. 1999 साली स्वानबॉर्न व द ग्लॉपर या अभ्यासकांनी 20 प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र करून पाहिले, तेव्हा सहज वाचनात आलेल्या 100 अपरिचित शब्दांपैकी सुमारे 15 शब्दच मुले आत्मसात करतात, असे आढळले. म्हणजे एक पुस्तक वाचून फारसे साधत नाही. पुष्कळ पुस्तके वाचावी लागतात आणि तोच शब्द पुनःपुन्हा भेटावा लागतो. दुसरी गोष्ट पुस्तकाच्या निवडीची. इंग्रजी परभाषा म्हणून शिकणाऱ्यांविषयी हू व नेशन यांनी 2000 साली जो अभ्यास केला, त्यावरून कोणाच्या साहाय्यावाचून गोष्ट नीट समजण्यास 100 पैकी सुमारे 98 शब्द ओळखीचे असावे लागतात, असे दिसते. मराठीला हे माप जसेच्या तसे लावावे असे नाही. पण ज्या पानावर मूल ओळीओळीला अडते, ते पान त्याच्यासाठी अद्याप नाही, एवढा बोध पुरेसा आहे. चौथीतील मुलाने दुसरीचे गोष्टींचे पुस्तक आवडीने वाचले, तर त्यात त्याची कसलीही मानहानी नाही.

साने गुरुजी मूळचे कोकणातील पालगडचे. खानदेशात अमळनेरला शिक्षक असताना वसतिगृहातील मुलांसाठी ते 'छात्रालय' नावाचे हस्तलिखित दैनिक लिहीत. त्यांची भाषा आणि त्या मुलांची बोली एक नव्हती; तरी रोज ताजा मजकूर वाचावयास मिळे. छापील पुस्तकांची टंचाई असलेल्या शाळेत आठवड्याला असा एक कागद लावणे अवघड नाही. त्यात गावच्या पपईच्या बागेची, उसाच्या मोळीची हकीकत असावी, आणि तीत नवे शब्द फार तर दोन-तीन असावेत.

शब्द सांगण्यापूर्वी शिक्षकाने आणखी एक प्रश्न विचारावा : 'तुमच्या घरी याला काय म्हणतात?' पावरा मुलाने आपला शब्द सांगितला की तो फळ्यावर पुस्तकातील शब्दाशेजारी लिहावा. त्याला 'अशुद्ध' म्हणू नये. बहिणाबाई चौधरींची गाणी 1952 साली प्रसिद्ध झाली, तेव्हा खानदेशाबाहेरच्या वाचकांना त्यांतील कित्येक शब्दांचे अर्थ विचारावे लागले, आणि त्यात कोणाला कमीपणा वाटला नाही. शहरातला वाचक खानदेशी शब्द अदबीने विचारतो, तर खानदेशातील मुलाला पुस्तकी शब्द विचारताना लाज का वाटावी?

आता शेवटचा व कठीण मुद्दा. या जिल्ह्यातील अनेक कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी गुजरातेत जातात व त्यांतली पुष्कळ मुले आईबापांबरोबर जातात. त्या काळात ना शाळेची मराठी कानावर पडत, ना पुस्तक हाती येत. वर्षभर मिळविलेले शब्द पाचटाबरोबर मागे राहतात. अशा मुलाबरोबर दोन गोष्टींची पुस्तके द्यावीत. ती देण्यास शाळा कचरते, कारण पुस्तक जडसंग्रह नोंदवहीत चढलेले असते व हरवले तर उत्तर कोणी द्यावे, हा प्रश्न उभा राहतो. ही भीती अगदीच निराधार नाही. पण कुलपातले पुस्तक हरवत नाही, तसेच ते कोणाला शिकवीतही नाही. मुख्याध्यापकांनी व केंद्रप्रमुखांनी मिळून हा भार उचलावा, एकट्या शिक्षकावर टाकू नये.

पुस्तक देताना मुलाला इतकेच सांगावे, की जो शब्द अडेल त्याखाली शिसपेन्सिलीने बारीक टिंब द्यावे, गोष्ट थांबवू नये. आणि तीच गोष्ट पुन्हा वाचताना तो शब्द कळला तर टिंब खोडावे. होळीला मुले परततात. पुस्तकाचे कोपरे दुमडलेले असतील, पानांवर तेलाचे वा उसाच्या रसाचे डाग असतील. नोंदवहीत 'खराब' असा शेरा मारण्यापूर्वी शिक्षकाने त्या मुलाला जवळ बसवून, किती टिंबे उरली व किती खोडली गेली, ते त्याच्याबरोबर मोजावे. आणि उरलेले शब्द त्याच आठवड्यात वर्गात घ्यावेत.