पुस्तक कोणाच्या हातात?

१९४८ साली सुरू झालेला मुंबईचा ‘स्ट्रँड बुक स्टॉल’ २०१८ मध्ये बंद पडला. ऑनलाइन खरेदीच्या सवलतींपुढे पुस्तकांच्या दुकानांना टिकणं अवघड झालंय. घरपोच पुस्तक स्वस्त मिळतं, दुकान नसलेल्या गावातही पोचतं, हे मला मान्य आहे. पण बीड जिल्ह्यात काम करताना मी पाहते : मोबाइल नवऱ्याचा असतो, पार्सल सासरा उघडतो. ऊसतोडीला सहा महिने बाहेर असलेल्या बाईनं पत्ता कुठला द्यायचा? दुकानात मात्र बाजाराला आलेली मुलगी कायद्याचं, शरीराचं पुस्तक उभ्याउभ्या चाळते. कुणाला विचारावं लागत नाही. ही जागा टिकली पाहिजे. म्हणून प्रत्येक गटानं वर्गणी काढून तालुक्याच्या दुकानातूनच पुस्तकं घ्यावीत आणि ती पेटी कोपीपर्यंत न्यावी.