विलायतेतली लोकशाही आणि आपलं रान

(इचलकरंजीत यंत्रमाग कामगारांच्या अभ्यासवर्गात आमच्या कार्यकर्त्याने केलेले भाषण. पाड्यापाड्यांवर वाचून दाखवावे म्हणून इथे देत आहोत.)



मी धुळे जिल्ह्यातला, सातपुड्याच्या पायथ्याचा. मला विषय दिलाय, इंग्रजांची राज्यपद्धती खरोखर लोकशाही आहे का. विलायतेशी आदिवासीचं काय देणंघेणं, असं कुणी म्हणेल. पण आपली लोकसभा, मंत्रिमंडळ, ज्याला जास्त मतं तो निवडून, हे सगळं त्यांच्याच साच्यातून काढलेलं आहे. आणि जंगलचा कायदा तर सरळ त्यांचाच.

तुमच्या गावाला महाराष्ट्राचं मँचेस्टर म्हणतात, तेव्हा मँचेस्टरपासूनच सुरू करतो. 1819 साली ते कापडाचं एवढं मोठं शहर, पण पार्लमेंटात त्याचा स्वतःचा एकही खासदार नव्हता. आणि ओल्ड सारम नावाच्या ओसाड टेकडीला दोन खासदार! जमिनीचा मालक बोट दाखवेल ते दोघे निवडून यायचे. त्या वर्षी 16 ऑगस्टला मँचेस्टरच्या सेंट पीटर्स मैदानावर साठेक हजार माणसं जमली. आसपासच्या खेड्यांतले हातमागवाले त्यात पुष्कळ होते, बायकापोरं घेऊन आलेले. मागणी काय, तर आम्हाला मत द्या. त्यांच्या अंगावर तलवारी उपसलेले घोडेस्वार घातले. पंधरा तरी माणसं मेली, शेकडो जखमी झाली. आणि शिक्षा कुणाला? सभेत बोलायला आलेल्या हेन्री हंटला, अडीच वर्षं तुरुंग. मारणारा मोकळा आणि मार खाणाऱ्यावर केस, ही रीत आपल्याकडचीच आहे असं नाही.

1832 मध्ये मँचेस्टरला खासदार मिळाले, पण मत मालमत्तावाल्यालाच. विणकर तसाच राहिला. सगळ्या प्रौढ पुरुषांना मत मिळालं 1918 ला. बायकांना पुरुषांच्या बरोबरीनं 1928 ला. तुमचे इथले जहागीरदार नारायणराव बाबासाहेब घोरपडे, ज्यांच्या अमदानीत 1904 ला विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग आणला, ते 1913 साली विलायत बघून आले, त्यावर इंग्रजीत पुस्तकही लिहिलं. त्याच वर्षी तिथं मत मागणाऱ्या बायका तुरुंगात उपास करत होत्या. त्यांच्यासाठी सरकारनं खास कायदा केला : उपासानं खंगली की सोडायची, जरा बरी झाली की परत आत टाकायची.

आता आमच्या कामाची गोष्ट. तिथंही गायरानं होती. गरीब माणूस गाय चारायचा, सरपण आणायचा. कागद नव्हता, पण वहिवाट होती. ही रानं पार्लमेंटनं कायदा करून, एकेका गावाचा वेगळा कायदा करून, कुंपणात घातली. 1750 नंतरच्या शंभर वर्षांत असे चार हजारांवर कायदे झाले. कायदा करणारे कोण? जमीनदार. फायदा कुणाला? जमीनदारांना. ज्याची गाय बाहेर राहिली त्याला मतच नव्हतं. पुढं त्याच्या नातवाला मत मिळालं, पण तोवर रान गेलं होतं, आणि नातू गिरणीत लागला होता. सगळं कायदेशीर झालं. हे तुम्ही ध्यानात ठेवा, कारण आमच्याकडे तहसीलदार नेहमी हेच सांगतो, सगळं कायदेशीर आहे.

हाच प्रयोग इंग्रजांनी आपल्याकडे 1878 च्या जंगल कायद्यानं केला. इथं तर निवडणुकीचं सोंगही नव्हतं. व्हाइसरॉयच्या कौन्सिलात एकही निवडून आलेला माणूस नव्हता, आदिवासी तर सोडाच. 1927 ला नवा कायदा केला, तोच आजही चालतो. मग 1935 चा कायदा आला, प्रांतांत निवडून आलेली सरकारं आली. पण अक्राणी, तळोदा, शहादा, नवापूर, ठाण्याकडे डहाणू, शहापूर, मोखाडा हे भाग त्यांनी वेगळे काढले. तिथं कुठला कायदा लागू करायचा ते गव्हर्नर ठरवणार. आदिवासींच्या रक्षणासाठी, असं म्हणत. सावकारानं आमच्या जमिनी खाल्ल्या त्या याच रक्षणात.

आता न्यायानं बोलायचं तर त्यांच्याकडे एक गोष्ट खरी आहे. सरकार हरलं की निमूट घरी जातं. लढाई जिंकलेल्या चर्चिलला 1945 ला लोकांनी घरी बसवलं. हे लहान नाही. पण 1983 ची निवडणूक बघा. थॅचरबाईंच्या पक्षाला शंभरातली 42 मतं, आणि 650 पैकी 397 जागा. दुसऱ्या एका आघाडीला शंभरातली 25 मतं, जागा फक्त 23. आपल्याकडे 1984 ला काँग्रेसला निम्म्याहून कमी मतांत चारशेवर जागा मिळाल्या, तो हाच साचा. वर त्यांचं लॉर्डांचं सभागृह आहे, तिथं 1999 पर्यंत शेकडो माणसं बापाच्या पोटी जन्मली म्हणून बसत. आणि घटना एका कागदावर लिहिलेलीच नाही. पार्लमेंटचं बहुमत म्हणेल ते खरं. लंडनची निवडून आलेली कौन्सिल 1986 च्या मार्चअखेर बहुमतानं बरखास्त करून टाकली. हसू नका, आपल्या जिल्हा परिषदांच्या निवडणुकाही 1979 नंतर कित्येक वर्षं झाल्या नव्हत्या.

आपल्याकडे घटना आहे, पाचवी अनुसूची आहे. राज्यपाल आदिवासी भागात एखादा कायदा लागू नाही असं सांगू शकतो. 1935 चंच हत्यार, फक्त या वेळी आमच्या बाजूनं वापरता येईल असं. वापरतो कोण? 27 डिसेंबर 1978 ला शासनानं ठराव काढला, 31 मार्च 1978 पर्यंतची जंगलजमिनीवरची अतिक्रमणं नियमित करू म्हणून. अंमल नीट होण्याआधीच 1980 ला दिल्लीनं कायदा केला, आता केंद्राची परवानगी हवी. दोन्ही वेळी आम्हाला मत होतं. दोन्ही वेळी आम्हाला विचारलं नव्हतं. मत पाच वर्षांतून एकदा, आणि गार्ड रोज येतो.

म्हणून आमची मागणी विलायतेकडे बघून नाही. अतिक्रमणाची चौकशी ऑफिसात बसून करायची नाही, पाड्यावर सगळ्यांसमोर करायची. किती पावसाळे नांगर धरला ते शेजारच्या म्हाताऱ्यांना विचारायचं, दंडाची पावती नसली तरी त्यांचा शब्द लिहून घ्यायचा. मोजणीच्या साखळीबरोबर गावातली पाच माणसं पाहिजेत, त्यात दोन बाया. आणि पंचनामा सगळ्यांना वाचून दाखवल्याशिवाय कुणी त्यावर अंगठा द्यायचा नाही.