संकेतस्थळ कोणासाठी?

(भिवंडी येथे कार्यकर्त्यांपुढे दिलेले भाषण)



श्रमिकांना मोफत कायदेशीर साहाय्य देणारी एखादी संस्था आपले जुने संकेतस्थळ मोडून नवे उभारावयाचे ठरविते, तेव्हा बैठकीत चर्चा होते ती बहुधा रंगांची, छायाचित्रांची आणि बोधचिन्हाची. खरा प्रश्न निराळा आहे. हे पान कोणी उघडावे अशी संस्थेची अपेक्षा आहे? देणगीदाराने, की मजुरी अडकलेल्या कामगाराने? दर्शनी पानावर मानाची जागा एकच असते. ज्यांची पाने पुरस्कार, अहवाल आणि विश्वस्तांची नावे यांनी सुरू होतात, त्यांनी या प्रश्नाचे उत्तर न बोलताच देऊन टाकलेले असते.

भिवंडीचा यंत्रमाग कामगार डोळ्यांसमोर आणावा. तो उत्तर प्रदेश, बिहार किंवा तेलंगणातून आलेला. पाळी बारा तासांची, मजुरी मीटरवर. नेमणुकीचे पत्र नाही, हजेरीपटावर नाव असेलच असे नाही. एकाच छपराखालील माग घरच्या चौघांच्या नावांवर वाटून कारखाना कायद्याच्या मर्यादेखाली राहण्याची रीत येथे जुनीच आहे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाच्या कलम १२ प्रमाणे औद्योगिक कामगाराला मोफत वकील मिळू शकतो. त्याला उत्पन्नाची मर्यादा लागू नाही. परंतु आपण कामगार आहोत हेच सिद्ध करावयाचे कशाने, येथे तो अडतो. तेव्हा संकेतस्थळावर सर्वांत वर हवी ती पुराव्यांची साधी यादी: मजुरीची चिठ्ठी, ताग्यांची नोंद असलेली वही, फोनवर जमा झालेल्या रकमेचा संदेश, शेजारच्या मागावरील सोबत्याची साक्ष. वहीचे छायाचित्र आजच काढून ठेवा, हे एक वाक्य संस्थेच्या ध्येयधोरणाच्या दहा परिच्छेदांहून मोलाचे आहे.

कायदा पुस्तकात असणे आणि माणसाच्या हाती पोहोचणे यांतील अंतर न्यायालयांनीही पाहिले आहे. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या होसकोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात कैद्याचा अर्ज चार वर्षांहून अधिक उशिरा आला होता. उच्च न्यायालयाच्या निकालाची प्रत आपल्याला मिळालीच नाही, असे त्याचे म्हणणे होते. निकालाची प्रत कैद्याच्या हाती वेळेवर आणि विनामूल्य पडली पाहिजे, असे न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी ठामपणे सांगितले. कागदाची एक प्रत! पण तिच्यावाचून अपिलाचा हक्क कोरडाच राहतो.

संकेतस्थळावरील शिळा मजकूर असाच घात करतो. वेतन प्रदान अधिनियमाखाली थकीत मजुरीच्या अर्जाला बारा महिन्यांची मुदत होती, किमान वेतन अधिनियमाखाली सहा महिन्यांची. २१ नोव्हेंबर २०२५ पासून श्रमसंहिता अमलात आल्या आणि वेतन संहितेत ही मुदत तीन वर्षांची झाली. उलट, बडतर्फीविरुद्ध थेट न्यायाधिकरणाकडे जाण्याची मुदत पूर्वी तीन वर्षे होती, ती औद्योगिक संबंध संहितेत दोन वर्षांवर आली. या संहितांविरुद्ध कामगार चळवळीचा लढा चालूच आहे आणि चालूच राहील. परंतु ज्याने जुने पान वाचून ‘वर्ष उलटले, आता काही होणार नाही’ असे मानले, त्याची मजुरी बुडाली ती संस्थेच्या आळसाने. प्रत्येक पानावर ते शेवटचे कधी तपासले ती तारीख असावी, आणि तपासणाऱ्या वकिलाचे नावही.

भाषेचा प्रश्न अर्थातच आहे. मराठीबरोबर उर्दू, हिंदी आणि तेलुगू असल्यावाचून भिवंडीत भागणार नाही. ‘अर्जदार’, ‘प्रतिवादी’ असले शब्द बदलून चालेल, मात्र सूचना ध्वनिमुद्रितही हव्यात. वाचता न येणाऱ्यालाही फोनवर ऐकता येते. स्वस्त फोनवर उघडणार नाहीत अशी जड छायाचित्रे मुळीच नकोत. १५१०० हा विधी सेवा प्राधिकरणाचा मदत क्रमांक आणि तालुका विधी सेवा समितीचा पत्ता बोट लावताच दिसला पाहिजे.

आणखी एक धोका आहे, त्याकडे तरुण तंत्रज्ञांचे लक्ष सहसा जात नाही. तक्रारीच्या नमुन्यात नाव, गाव, मालकाचे नाव, फोन क्रमांक हे सारे आधीच मागितले जाते. एका खोलीत दहा-बारा जण राहतात, फोन हातोहात फिरतो. आणि ही माहिती मालकापर्यंत गेली तर माग दुसऱ्या दिवशीच सुटतो. आधी माहिती द्यावी. नाव विचारायचे ते नंतर, आणि लागेल तेवढेच. घरात मार खाणाऱ्या स्त्रीसाठी पान झटकन बंद करणारे बटण ठेवावे, हे तर सांगावयासही नको. पण सांगावे लागते.

राहिला पैशाचा विचार. संकेतस्थळ बांधणाऱ्याचे देयक एकदाच येते. मजकूर ताजा ठेवणाऱ्या वकिलाचा आणि चार भाषांतील अनुवादकांचा वेळ दरमहा लागतो. संस्थांच्या अंदाजपत्रकांत पहिली रक्कम ठळक असते, दुसरीचा रकानाच नसतो; देणगीदारही इमारतीला देतो, झाडलोटीला देत नाही. निधी अपुरा असेल तर पाने वीसऐवजी पाचच करावीत, पण ती पाच जिवंत ठेवावीत. पान खुले करण्यापूर्वी पाळी सुटल्यावर खानावळीत बसलेल्या पाच-सहा कामगारांच्या हाती फोन द्यावा आणि ‘दोन महिन्यांची मजुरी अडकली आहे, काय करावयाचे ते यात शोधा’ एवढेच सांगावे. शेजारी बसलेल्या कार्यकर्त्याने मदत करू नये. कोणाचे बोट कोठे अडते, ते फक्त टिपून घ्यावे.