वाडीवरचं कीर्तन



 मंडळींनी आम्हाला सांगितलं, बुवा, दिंडीला शंभर वर्षं झाली, त्याच्यावर बोला. पण त्याच्यावर बोलणारी शिकलेली माणसं पुढं बसलेली आहेत. आमची शाळा चौथीपर्यंत. आम्ही आयुष्यभर मृदंग वाजवला आन् कीर्तनं केली, तीबी कुठं मोठ्या मंडपात नाही, आपल्या माण तालुक्यातल्या वाड्यावस्त्यांवर. तेव्हा आम्हाला जे ठाऊक आहे तेवढंच सांगतो. शेवटी एक गोष्ट सांगायची आहे, ती सांगण्यासाठीच खरं तर उभे राहिलो. मध्येच आमचा धीर सुटला तर कुणीतरी आठवण करून द्या.

१९७२ चा दुष्काळ इथल्या पांढऱ्या केसांच्या माणसांनी पाहिलेला आहे. आम्ही तेव्हा बारा वर्षांचे. शाळा सुटली होती. आईबरोबर रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायचो. रेशनला लाल मिलो मिळायचा, कामावर सुकडी मिळायची. दिवसभर खडी फोडून रात्री माणसं मारुतीच्या देवळात भजनाला बसत. पोटात नसलं तरी बसत, किंबहुना नसलं म्हणूनच बसत असतील. आपल्या दिंडीचे त्या वेळचे मृदंगी म्हणजे तात्या. त्यांनी आमचे हात बघितले. खडी फोडून घट्टे पडलेले. म्हणाले, "हे हात मृदंगाला चालत्याल. ये उद्यापास्नं."

आता मृदंगाची एक गोष्ट सांगतो, तरुण पोरांना ठाऊक असावी म्हणून. उजव्या पुडीला शाई असते. डाव्या पुडीला, धुमाला, वाजवायच्या आधी कणीक लावतात. ती गव्हाचीच लागते. ज्वारीच्या पिठाला चिकाटी नसते, दोन थापा पडल्या की सुटून पडतं. बरं, त्या वर्षी गहू आणायचा कुठनं? तात्या घरोघर हिंडून चिमूट चिमूट पीठ गोळा करायचे. ज्याच्याकडं नाही तो म्हणायचा, तात्या, उद्या बघू. कणकीचा लिंबाएवढा गोळा व्हायचा. भजन झालं की खरवडून काढायचा आन् ओल्या फडक्यात गुंडाळून दुसऱ्या दिवशी परत लावायचा.

एका रात्री भजन झाल्यावर तात्यांनी तो गोळा आमच्याकडं ठेवायला दिला. देवळाबाहेर शेकोटीत निखारे होते. आम्ही तो गोळा निखाऱ्यावर टाकला आन् खाल्ला. शाईचे डाग लागलेला, शेकडो थापा खाल्लेला. अजून त्याची चव जिभेवर आहे. दुसऱ्या दिवशी तात्यांनी विचारलं, कणीक कुठाय? आम्ही म्हणालो, उंदरानं नेली. तात्या काही बोलले नाहीत. त्या रात्री मृदंग कणकीशिवाय वाजला, धुम नुसतं पत्रा वाजवल्यासारखं. त्याच्या दुसऱ्या दिवसापासून तात्या दोन गोळे आणायला लागले. एक मृदंगाला, एक उंदराला.

तात्यांनी आम्हाला ता दिं थुं ना शिकवलं. सहा महिने तेवढंच. मग भजनी ठेका, मग बाकीचं. त्यांच्याबरोबर आम्ही १९७६ ला पहिली वारी केली. गळ्यात दहा-बारा किलोचा मृदंग अडकवून दिवेघाट चढायचा, वर पाऊस. पाऊस मृदंगाचा वैरी. पुडी ओलावली की आवाज बसतो, गठ्ठे कितीही ठोका. आम्ही अंगावरचं प्लास्टिक काढून मृदंगावर घालायचो आन् आपण भिजत चालायचो. मृदंगी भिजला तर वाळतो.

वारी वर्षातून एकदा. बाकी वर्ष वाड्यावस्त्या. कुठं एकादशीचं कीर्तन, कुठं कार्तिकातला काकडा, कुठं सप्ताह, कुठं कुणाचा दहावा. जाण्यायेण्याला एसटी. मृदंगाला खोळ शिवलेली होती, तरी काही कंडक्टर त्याचं अर्धं तिकीट मागत. आम्ही म्हणायचो, "साहेब, हा बसायची जागा घेत न्हाई, आमच्या मांडीवर बसतोय." कुणी हसून सोडून द्यायचं, कुणी नाही. जिथं एसटी जात नाही तिथं बैलगाडी, तीबी नसली तर पाय. पुढं लुना घेतली. लुनाच्या पुढं मृदंग, मागं गायक. गायक जाड असला की चढाला खाली उतरायचा.

बिदागी म्हणाल तर सुरुवातीला नारळ आन् पायलीभर ज्वारी. मग अकरा रुपये, एकवीस, एक्कावन्न. टॉवेल-टोपी. आमच्या घरी एवढे टॉवेल साठले होते की आमची मंडळी म्हणायची, ह्याचं दुकान टाका. कीर्तनाचे पैसे देणाऱ्याघेणाऱ्याला तुकोबारायांनी काय म्हटलंय ते तुम्हाला पाठ आहे, आम्ही परत म्हणून दाखवत नाही. ते वाचताना आम्ही पान जरा लवकर उलटत होतो एवढं कबूल करतो. मागून घेतले नाहीत, पण दिलेले परतबी केले नाहीत. पुडी बदलायला पैसे लागतात, वादी लागते, लुनाला तेल लागतं.

कीर्तनाला उभे राहायला लागलो ते बोलावल्यावरून नव्हे. १९८८ साली एका वाडीवर कीर्तनकार आलेच नाहीत. एसटी चुकली होती त्यांची. लोक बसलेले. गावकरी म्हणाले, तुम्ही एवढी वर्षं कीर्तनकारांच्या मागं उभे आहात, तुम्हाला सगळं पाठ असेल. पाठ होतंच. मृदंग दुसऱ्याच्या गळ्यात दिला आन् उभे राहिलो. अर्ध्या तासात सगळं सांगून संपलं. राहिलेला दीड तास नुसतं विठोबा-रखुमाई. लोकांनी तेबी गोड मानून घेतलं. त्यानंतर आम्ही दोन्ही करत आलो. कीर्तन असलं तर कीर्तन, दुसऱ्याचं असलं तर मृदंग.

वाडीवरचं कीर्तन कसं असतं ते मोठ्या मंडपातल्या माणसाला कळायचं नाही. दहा-बारा घरं. टाळकरी उभे राहिले की समोर बसायला पाच-सहा बायका, दोन म्हातारी आन् झोपलेली पोरं. नऊ वाजता सुरू करायचं, तर साडेनऊला लाईट येणार म्हणून दोन टाळकरी टाळ ठेवून मोटर चालू करायला जातात. दारं मोडून, पायाला चिखल लावून परत येतात, आपला टाळ उचलतात आन् बरोबर ठेक्यात मिसळतात. आम्हाला त्याचा राग कधी आला नाही. कांद्याला पाणी मिळालं नाही तर पुढच्या एकादशीचा नारळ कुठनं येणार? पण एक आहे. सहा माणसं समोर असली की तुम्हाला लपता येत नाही. मोठ्या सभेत आवाज चढवला, विनोद केला की टाळी पडते. वाडीवर एक म्हातारी समोर बसून सरळ तुमच्या तोंडाकडं बघत असते. तुम्ही जे सांगताय ते तुम्हाला स्वतःला पटलेलं आहे का नाही, हे तिला लगेच कळतं.

आता ती गोष्ट.

२००६ सालची पौष वद्य एकादशी. एक वाडी आहे, नाव घेत नाही. तिथं पत्र्याचं विठ्ठलाचं देऊळ आहे. त्या एकादशीला आम्ही तिथं आठ-नऊ वर्षं सलग कीर्तन करत होतो. त्यांनी महिनाभर आधी येऊन नारळ दिला होता. एकादशी तीन दिवसांवर आली आन् एका मोठ्या गावाहून माणूस आला. त्यांच्या सप्ताहातले महाराज आजारी पडले, त्याच रात्रीचं कीर्तन करता का म्हणाले. बिदागी पाच हजार. वाडीवर मिळायचे एकशे एक्कावन्न. आमच्या थोरल्या मुलीचं लग्न चैत्रात ठरलेलं, सोसायटीचं कर्ज थकलेलं. ही कारणं खरी आहेत. पण आणखी एक कारण होतं, तेबी सांगतो. मंडप मोठा होता. आमचं नाव फलकावर लागणार होतं.

आम्ही हो म्हणालो. वाडीवर निरोप दिला का? दिला. तिकडं जाणाऱ्या दूधवाल्याजवळ दिला. पोचला का, ते आम्ही विचारलं नाही, कारण आम्हाला विचारायचं नव्हतं.

मोठ्या गावातलं कीर्तन चांगलं झालं. लोक खूश झाले. पाच हजार मिळाले, लग्नाच्या मंडपाला गेले.

दूधवाला निरोप द्यायचा विसरला होता. वाडीवर हरिपाठ झाल्यापासून तिथले विणेकरी बाबा गळ्यात वीणा घालून उभे होते. पंचाहत्तरीचं वय. कीर्तनकार आला की त्याच्या गळ्यात द्यायची म्हणून. वीणा खाली ठेवायची नसते. लोक म्हणाले, बाबा, दुसऱ्याकडं द्या, बसा जरा. ते म्हणाले, येतील बुवा, आजवर चुकले न्हाईत. पौषातली थंडी, पत्र्याचं देऊळ. रात्री एकपर्यंत उभे राहिले. मग मंडळींनी भजन करून जागर पुरा केला.

हे आम्हाला कधी कळलं? त्याच वर्षी श्रावणात. ते बाबा गेले आन् दहाव्याच्या प्रवचनाला आम्हालाच बोलावणं आलं. थंडीमुळं गेले असं कुणी म्हणालं नाही, आम्हीबी म्हणत नाही, वय झालेलं होतं. प्रवचन झाल्यावर त्यांची मालकीण आमच्या पाया पडायला आली. आम्ही मागं सरलो. तिनं सगळं सांगितलं, आम्ही कसे आलो नाही, बाबा कसे उभे राहिले. रागानं नाही. मग म्हणाली, "बुवा, त्या दिशी तुमची गाडी बंद पडली आसंल न्हवं? म्या म्हणलं ह्यास्नी, बुवांची गाडी बंद पडली आसंल."

आम्ही म्हणालो, "व्हय."

एवढाच शब्द. उंदरानं नेली म्हणालो होतो, तसाच. तिनं आमच्या हातात नारळ दिला आन् एकशे एक्कावन्न रुपये. ते आम्ही घेतले. न घ्यावेत तर का घेत नाही ते सांगावं लागलं असतं.

ती माउलीबी आता नाही. तिची सून मात्र आपल्या दिंडीत गेली सहा वर्षं तुळस घेऊन चालते. आत्ता ह्याच मंडपात बायकांमध्ये बसलेली आहे. चालताना आम्हाला पाणी देते, तंबूत आमच्या पायाला तेल लावते, आन् आम्ही तिच्याकडून ते करून घेतो. बाई, तुमच्या सासूनं विचारलेलं, त्याचं उत्तर तुम्हाला देतो. आमची गाडी बंद पडली नव्हती.

बोललो एकदाचं. पाणी द्या जरा.

तर, तेव्हापासून दर पौष वद्य एकादशीला आम्ही त्या वाडीवर जातो. ह्यानं काही फिटतं असं आम्ही म्हणत नाही. त्या रात्रीचं दुसरं आमंत्रण घेत नाही एवढंच. करोनात २०२० ला पादुका एसटीनं पंढरीला गेल्या, दिंड्या घरी बसल्या, आपण सगळे ती एसटी टीव्हीवर बघत रडलो. त्या हिवाळ्यातबी आम्ही तिथं गेलो. तोंडाला फडकं बांधून चार माणसांत हरिपाठ केला. वाडी आता निम्मी रिकामी झाली आहे, पोरं पुण्याला कंपनीत आहेत. गेल्या साली आम्ही धरून अकरा माणसं होती. उभे टाळकरी पाच, त्यात दोन मुली. मुली टाळ चांगला धरतात, आम्ही तर म्हणतो पोरांपेक्षा बऱ्या.

आमचा उजवा हात आता दगा देतो. दोन बोटं मुंग्या आल्यासारखी राहतात. दुगणीला हात पुरत नाही, विलंबितात चालतं. गाताना वरचा स्वर लागत नाही. मोठ्या ठिकाणी हे चालायचं नाही, लोक उठून जातील, आणि त्यांचं काही चुकत नाही, त्यांनी वर्गणी दिलेली असते. वाडीवर चालतं. स्वर नाही लागला की म्हातारी मंडळी तो आपला आपण लावून घेतात. मृदंग आता आमचा नातू वाजवतो. कणीक तोच मळतो. एक गोळा जास्तीचा मळत जा म्हणून आम्ही त्याला सांगून ठेवलंय, का ते त्याला आज कळलं असेल.

यंदाची पौष वद्य एकादशी जवळ आली आहे. पुडी बदलायला टाकली आहे, तोपर्यंत येईल. कुणाला यायचं असेल तर संध्याकाळी हरिपाठाच्या आत पोचा. टाळ आपापले आणा, तिथं चारच जोड आहेत. आन् स्वेटर, कानटोपी घालून या, पत्र्याच्या देवळात थंडी लई असते.

राम कृष्ण हरी.