फोन वाचता आला पाहिजे

कुणी चुलीपाशी असाल, कुणी वावरातून आत्ताच आल्या असाल. हातातलं काम चालू ठेवा, फक्त कान इकडे द्या. आज मी मोबाईलबद्दल बोलणार आहे.

मी बचत गटांचं काम पाहते. बी.ए. झाले तेव्हा कॉलेजातला संगणक लांबूनच पाहिला होता. पहिला स्मार्टफोन घेतला तो गटाच्या कामासाठी, आणि मग त्याची गोडी लागली. नवं काही दिसलं की उघडून पाहायचं, ही माझी सवय. घरचे म्हणतात, हिचा अर्धा जीव फोनमध्ये आहे. पण त्या फोनने माझा दिवस कसा चालतो ते ऐका, मग ठरवा.

पावसाळ्यात सकाळी मी आधी ‘मेघदूत’ उघडते. हवामान खात्याचं हे ॲप आपल्या जिल्ह्याचा अंदाज आणि पिकाचा सल्ला मराठीत देतं. आभाळ भरून आलं की ‘दामिनी’ पाहते. पुण्याच्या हवामान संस्थेने ते केलं आहे आणि आपल्या आसपास वीज पडण्याचा धोका असेल तर ते आधी सांगतं. निंदणाला गेलेल्या बाया पाऊस आला की झाडाखाली धावतात, आणि तेच जिवावर बेततं. दामिनीने इशारा दिला की मी गटावर लगेच आवाज पाठवते, ‘झाडाखाली थांबू नका, पक्क्या घरात जा.’

दुपारी बैठका. बैठकीचं इतिवृत्त लिहायचं म्हटलं की बाया माझ्याकडे वही सरकवायच्या. आता मी त्यांना फोनवर बोलून लिहायला शिकवते. कीबोर्डवर माईकची खूण असते. ती दाबायची, भाषा मराठी ठेवायची आणि बोलायचं. मराठीची ही सोय २०१७ साली आली. पहिल्या दिवशी एक काकू आपल्या बोलीत म्हणाल्या, “पऱ्हाटी वाळली.” फोनने लिहिलं, ‘मराठी वाळली.’ बैठकीत हसून हसून पुरेवाट झाली! म्हणून बोलून झालं की वाचून पाहायचं आणि चुकलेला शब्द दुरुस्त करायचा. त्या काकू चौथी शिकलेल्या. आता बैठकीचा ठराव त्या स्वतः बोलून लिहितात आणि सगळ्यांना वाचून दाखवतात. नियमित हिशेब लेखन हे आपल्या पंचसूत्रीतलं एक सूत्र आहे. ते एकटीच्या हातात राहिलं की बाकीच्या नुसत्या सह्या करतात.

आता एक मनाला लागलेली गोष्ट सांगते. आमच्या एका गटातल्या ताईंचे मालक वारले. घरचे सांगत होते, “तुह्यं नाव सातबाऱ्यावर लागलं, काळजी करू नको.” दोन वर्षं त्यांनी विश्वास ठेवला. एक दिवस बैठकीनंतर हळूच म्हणाल्या, “ताई, माह्यं नाव हाय का त्याच्यात, पाहून सांग बरं.” महाभूलेखच्या संकेतस्थळावर जिल्हा, तालुका, गाव निवडलं आणि गट नंबर टाकला. सातबारा उघडला. मी वाचून दाखवत नव्हते, फोन त्यांच्याच हातात होता. एकेका नावावर बोट ठेवत त्या खालपर्यंत गेल्या. त्यांचं नाव नव्हतं.

त्या दिवशी त्या रडल्या नाहीत. म्हणाल्या, “आता काय करायचं ते सांग.” नवऱ्याच्या वाट्यात बायको, मुलगे, मुली आणि त्याची आई, सगळ्यांचा सारखा हक्क असतो. मृत्यूचा दाखला आणि वारसांची माहिती जोडून आम्ही तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज दिला. गटातल्या चौघी सोबत गेल्या. फेरफार झाला आणि नाव लागलं. मैत्रिणींनो, फोनवरचा सातबारा पाहायला पैसे लागत नाहीत. डिजिटल सहीचा, कामाला चालणारा उतारा हवा असेल तर १५ रुपये पडतात. ज्या बाईने तो एकदाही पाहिला नाही, तिने या आठवड्यात पाहावा.

दुसरी गोष्ट फवारणीची. २०१७ साली आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतल्या विषबाधेने वीसहून जास्त शेतकरी आणि शेतमजूर गेले. तो हंगाम आपण विसरलेलो नाही. औषधाच्या डब्यावर सूचना असतात, पण अक्षर मुंगीएवढं. फोनचा कॅमेरा धरून ते मोठं करा. इंग्रजी असेल तर गूगल लेन्स मराठी करून दाखवतं. मात्र यंत्र चुकतं, हे पऱ्हाटीच्या गमतीवरून कळलंच. म्हणून औषधाचं प्रमाण कृषी सहायकालाच विचारा. आणि डब्यावरचा त्रिकोण ओळखायला फोनही लागत नाही. लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, मग निळा, आणि हिरवा त्यातल्या त्यात सौम्य. घरातला गडी फवारायला निघाला की त्रिकोणाचा रंग आपण पाहायचा.

आता माझी चूक सांगते. आमच्या गटाची तूरडाळ विकायला मी फोटो टाकले होते. एकाचा फोन आला, ५० किलो हवी, आगाऊ पैसे पाठवतो. त्याने क्यूआर कोड पाठवला. म्हणाला, हा स्कॅन करून पिन टाका, पैसे जमा होतील. मी टाकला. खात्यात पैसे यायचे तर चार हजार गेले. आणि मी, सगळ्यांना फोन शिकवणारी, लाजेपायी दोन दिवस कुणाजवळ बोलले नाही. तिथेच खरं नुकसान झालं. १९३० या नंबरवर लगेच फोन केला तर पैसे पुढे जाण्याआधी अडवता येण्याची आशा असते. दोन दिवसांनी ती वेळ निघून गेली होती.

बैठकीत मी उभी राहून हे सांगितलं. माझ्यामागून आणखी दोघी बोलल्या. त्यांचेही पैसे असेच गेले होते, घरी रागावतील म्हणून गप्प होत्या. त्या दिवशी आम्ही ठरवबहीत लिहिलं: पिन पैसे देताना लागतो, घेताना कधीच लागत नाही. ओटीपी कुणालाही सांगायचा नाही. आणि फसलो तर त्याच घडीला १९३० लावायचा, मग गटात सांगायचं. फसणाऱ्या बाईला कुणी हसायचं नाही.

मैत्रिणींनो, फोन बहुतेक घरांत आला आहे. पण तो बाईच्या हातात किती वेळ असतो? मुलगा खेळतो, मालक व्हिडिओ पाहतात, आपण फक्त चार्जिंगला लावतो. पुढच्या बैठकीला तो मागून आणा. नसेल तर शेजारणीच्या फोनवर बसा. तिघींत एक असला तरी चालतो. एकीने आपला सातबारा उघडावा, एकीने ठराव बोलून लिहावा, आणि १९३० नंबर सगळ्यांनी ‘मदत’ या नावाने साठवावा. एवढं झालं की बैठक उठवा.

आमच्या त्या ताई आता दर महिन्याला एकदा आपला सातबारा उघडतात. मी विचारलं, “नाव तर लागलं, आता काहून पाहता?” म्हणाल्या, “बरं वाटते पाहून.”